मुलाचं काहीतरी बिनसलंय: सरकारी दवाखान्यात नेमकं कुठे जायचं?

मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी सरकारी दवाखान्यात काहीच सोय नसते, असं सर्रास ऐकायला मिळतं. सोय आहे, पण ती विखुरलेली आहे: थोडी बालरोग विभागात, थोडी मनोविकार विभागात, थोडी शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडे, थोडी फोनवर. त्यातलं काय कुठे आहे हे केस पेपरच्या खिडकीतल्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. मग आईवडील पहिल्या खेपेला चुकीच्या रांगेत उभे राहतात, दुपारी दमूनभागून घरी येतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि या वाटेने पहिल्यांदाच जाणाऱ्या पालकांसाठी हे लिहितोय.

थांबायचं की निघायचं

प्रत्येक हट्ट, प्रत्येक रुसवा दवाखान्यात न्यायचा नसतो. मूल पूर्वी असं नव्हतं आणि आता आहे, दोन आठवडे उलटले तरी तसंच आहे, आणि घरात, शाळेत, मित्रांत अशा एकाहून जास्त ठिकाणी ते दिसतंय, या तीन गोष्टी जुळल्या की निघावं. झोप उडणं, जेवण तुटणं, खेळ सुटणं, अचानक मार्क घसरणं, मोठ्या मुलाने पुन्हा अंथरूण ओलं करणं, रोज सकाळी पोट किंवा डोकं दुखणं ही नेहमी दिसणारी लक्षणं. याच्या उलट, दोन-तीन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, आधी येत असलेले शब्द विसरलं, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले’ हे आजीचं म्हणणं प्रेमाचं असतं, पण त्यात वर्ष निघून जातं.

मूल मरणाबद्दल बोलत असेल, अंगावर ब्लेडचे वण दिसत असतील, तर ओपीडीची वाट पाहायची नाही. ‘तुला जगू नये असं वाटतं का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात कल्पना शिरते ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून ते बोलतं. त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं कुलपात ठेवा, आणि शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी हलवा. स्वतःला इजा करून घेतली असेल तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट जा. पोलिसांत नोंद होईल या भीतीने लोक घरीच ताक पाजत बसतात, हे ऐकवत नाही. नोंद होते, पण उपचार त्यासाठी अडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ असं मानून चालतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, आणि तिची काळजी घेणं व पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पहिला फोन

घाई नसेल तर सुरुवात १४४१६ पासून करावी. ही ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत फोन जोडून देतात. मूल फोनवर आलंच पाहिजे असं नाही, आईने किंवा बाबांनी एकट्याने बोललं तरी चालतं.

या फोनवर एक प्रश्न नक्की विचारून घ्या: ‘आमच्या जिल्ह्यात मुलांना बघणारे मानसोपचारतज्ज्ञ कुठे आणि कोणत्या वारी बसतात?’ वार माहीत असणं महत्त्वाचं, कारण तालुक्याच्या रुग्णालयांत हे डॉक्टर रोज नसतात, ठरलेल्या दिवशीच येतात. जायच्या आदल्या दिवशी त्या रुग्णालयालाही विचारून घ्यावं. डॉक्टर शिबिराला गेले, रजेवर आहेत, असं होतंच.

कोणाकडे

हे मुख्यतः वयावर ठरतं.

सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर अंगणवाडीताई किंवा आशाताईंना गाठा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. लोकांना वाटतं हे पथक वजन-उंची आणि दात बघून जातं. पण वाढीतला उशीर, म्हणजे बोलणं, चालणं, समजणं मागे पडणं, हेही त्यांच्या यादीत आहे. पथक आलं त्या दिवशी आईने तिथे हजर राहून आपली शंका तोंडाने सांगावी. शंभर मुलांच्या रांगेत ती आपोआप दिसणार नाही. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीतूनही तिथे जाता येतं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एका जागी असावेत अशी त्या केंद्राची रचना आहे. एखादं पद रिकामं असणं नवं नाही, तरीही लहान मुलासाठी याच्याइतकी कामाची जागा सरकारी व्यवस्थेत दुसरी नाही, असं माझं मत आहे.

दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली समुपदेशन केंद्रं आहेत. महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. कुठे ‘अर्श क्लिनिक’ म्हणतात. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. अभ्यासाचा ताण, मित्र-मैत्रिणी, शरीरातले बदल, व्यसनाची सुरुवात, मोबाइल, घरातली भांडणं असं सगळं तिथे बोलता येतं. दारावर ‘मनोविकार’ लिहिलेलं नसतं म्हणून मोठी मुलं इथे जरा सहज जातात.

त्रास जास्त असेल, किंवा मूल सहा ते दहाच्या मधलं असेल, तर जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं ‘सिव्हिल’. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तिथे असतं: मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका. शहरात वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथला मनोविकार विभाग. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, पुण्याचं ससून, संभाजीनगरची घाटी, मुंबईत जे. जे., केईएम, सायन, नायर. इथे गर्दी मोठी, पण मुलांच्या बुद्धिमत्तेच्या आणि अध्ययन अक्षमतेच्या (म्हणजे वाचन, लेखन, गणित यांत येणाऱ्या विशेष अडचणीच्या) चाचण्या व्हायची शक्यताही इथेच जास्त. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं ही पहिली पायरी नव्हे. तिथेही ओपीडी असते, पण मुलासाठी आधी सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेज बघावं.

गावात राहत असाल आणि जिल्ह्याचं ठिकाण लांब असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथले वैद्यकीय अधिकारी मुलाला बघून चिठ्ठी देतात. चिठ्ठीशिवाय सिव्हिलला हाकलून देतात असं नाही, पण चिठ्ठीवर ‘मनोविकार विभाग’ असं लिहिलेलं असलं की खिडकीवर समजावत बसावं लागत नाही.

पैशांचं एका वाक्यात: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडे पैसे जवळ ठेवा.

जायच्या आधी आठवडाभर एक वही

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि ‘खूप हट्टी झालाय हो’ या वाक्यातून त्यांना काहीच हाती लागत नाही. रोज दोन-तीन ओळी लिहा. जे दिसलं तेवढंच, आपला अर्थ न लावता. उदाहरणार्थ:

‘सोमवार. शाळेची रिक्षा यायच्या वेळी पोटात दुखतं म्हणाला. उलटी, जुलाब नाही. रिक्षा गेल्यावर थोड्या वेळाने खेळायला लागला. मंगळवार. तसंच. बुधवारी सुट्टी, पोट दुखलं नाही. बुधवारी रात्री दोनदा उठला, अंथरूण ओलं. गुरुवारी पहिला तास गणिताचा असतो.’

एवढ्यावरून डॉक्टरांना पोटाच्या आधी शाळेबद्दल विचारायचं सुचतं. वहीत झोपेच्या वेळा, मोबाइल किती वेळ, घरात त्या दिवशी काही झालं का, हेही असू द्या. वडील दारू पिऊन आले, सासू-सुनेची वादावादी झाली, हे लिहायला जड जातं. पण मुलाच्या पोटदुखीचं मूळ बऱ्याचदा याच ओळीत सापडतं.

सोबत मुलाचं आधार कार्ड, जन्मदाखला, जुने रिपोर्ट, चालू औषधांची पाकिटं, आणि शाळेच्या वह्या: एक गेल्या वर्षीची, एक यंदाची. अक्षर कुठून बिघडलं, उलटे-सुलटे आकडे कधीपासून आहेत, हे प्रगतिपुस्तकापेक्षा वहीत लवकर दिसतं. वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून आणता आल्या तर उत्तम. पण शाळेत सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. त्यांच्या चिठ्ठीवाचूनही तपासणी होते.

मुलाला काय सांगायचं

‘सुई टोचायला नेत नाही, फिरायला जातोय’ असं खोटं सांगून नेऊ नका. लहान मुलाला एवढं पुरतं: ‘तुला रोज सकाळी पोटात दुखतं ना, त्याबद्दल आपण एका ताईंशी बोलायला जातोय. त्या तुला चित्र काढायला सांगतील, काही विचारतील. मी बाहेरच बसलेली असेन.’ मोठ्या मुलीला तिच्या वयाचं सांगा: ‘तू नीट झोपत नाहीस, मला काळजी वाटते. मला कसं बोलायचं ते कळत नाही, म्हणून ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ. तिथे तुला एकटीला बोलायचं असेल तर मी मध्ये येणार नाही.’ आणि भांडणात ‘थांब, तुला वेड्यांच्या डॉक्टरकडेच नेते’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. नंतर तिथे प्रेमाने न्यायची वेळ आली की तेच आडवं येतं.

ओपीडीच्या दिवशी

सकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आधी पोहोचा. केस पेपरच्या खिडकीवर मुलाचं नाव, वय सांगून ‘मनोविकार’ किंवा ‘बालरोग’ असा विभाग स्पष्ट सांगा. नुसतं ‘डॉक्टरांना दाखवायचंय’ म्हटलं तर जनरल ओपीडीत पाठवतील. विभागाचं नाव चारचौघांत मोठ्याने घ्यायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा. खोली सापडली नाही तर तिथल्या मावशींना किंवा मामांना विचारा, पाट्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. डबा, पाणी, मुलाला रमवायला काहीतरी घ्या आणि त्या दिवसाची मजुरी किंवा रजा गेली असं धरून चला. शक्य असेल तर दोन मोठी माणसं जा: एक रांगेत, एक मुलाजवळ.

आत गेल्यावर आधी प्रश्न आईवडिलांना. गरोदरपण, बाळंतपण, मूल कधी बसलं, कधी बोललं, घरात कुणाला असा त्रास होता का. मुलासमोर सांगण्यासारखं नसेल तर ‘हे मला त्याच्यामागे बोलायचंय’ म्हणा, त्याला थोडा वेळ बाहेर बसवतील.

मनाची तक्रार घेऊन गेलात आणि कान, डोळे, रक्त तपासायला पाठवलं तर चिडू नका. ‘लक्षच देत नाही’ म्हणून आणलेल्या मुलाला कधी नीट ऐकूच येत नसतं. वर्गात मध्येच शून्यात बघणारं मूल स्वप्नाळू नसून त्याला फिटचा एक सौम्य प्रकार असू शकतो, ज्यात ते काही सेकंद हरवतं आणि पडत नाही. रक्त कमी असलं किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी मूल मरगळलेलं, चिडचिडं दिसतं. हे आधी बाजूला काढावं लागतं.

मग गरज असेल तर मानसशास्त्रज्ञांची चाचणी. सरकारी रुग्णालयांत बुद्ध्यांकासाठी बऱ्याचदा बिने-कामत ही चाचणी वापरतात. तीत प्रश्न, कोडी, चित्रं, आकडे लक्षात ठेवणं असं असतं. ती परीक्षा नाही, घरी तयारी करून घेऊ नका. फक्त मूल झोपलेलं, जेवलेलं आणि ताप नसलेलं असू द्या. चाचणीची तारीख बहुतेक वेळा वेगळी आणि बरीच पुढची मिळते. ती केस पेपरवर लिहून, शिक्का मारून घ्या.

गुप्ततेबद्दल पालकांना आणि मुलांना दोघांनाही धाकधूक असते. २०१७ चा कायदा उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. डॉक्टर ती शाळेला किंवा शेजाऱ्यांना सांगत नाहीत. मुलगी समुपदेशकांशी काय बोलली याचा शब्दन् शब्द आईलाही सांगितला जात नाही, जिवाला धोका असेल तर सांगतात. याला एक मोठा अपवाद आहे. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टरांवर आणि समुपदेशकांवरही. मूल घरात किंवा बाहेर असुरक्षित असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

पुढच्या खेपा

पहिल्या भेटीत माहिती घेतली जाते, उपचार नंतर सुरू होतात. हे आधीच डोक्यात असलं म्हणजे ‘एवढं जाऊन नुसते प्रश्नच विचारले’ असं वाटत नाही. समुपदेशनही बरेचदा मुलापेक्षा पालकांचंच जास्त होतं: झोपेची वेळ पाळा, मारू नका, हट्टाला उत्तर न देता चांगल्या वागण्याला लगेच शाबासकी द्या. ऐकायला साधं वाटतं, करायला अवघड आहे. घरात आजीआजोबा असतील तर त्यांनाही एकदा सोबत न्या. नाहीतर आई एक नियम लावते आणि आजोबा खिशातून चॉकलेट काढतात.

गोळ्या लिहून दिल्या तर नाव, कशासाठी, किती दिवसांनी फरक दिसेल, काय त्रास होऊ शकतो आणि डोस चुकला तर काय करायचं, हे तिथेच विचारा. काही औषधांचा परिणाम दिसायला आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून किंवा कुणी ‘सवय लागेल’ म्हटलं म्हणून मनाने बंद करू नका; कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतात. एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, चंचलता फार असते असा त्रास) दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे नियंत्रित औषध आहे, ते प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून संपायच्या आधीच विचारणा करा. पुढच्या तारखेला डॉक्टर बदललेले असू शकतात. त्यासाठी सगळे कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि प्रत्येकाची झेरॉक्स घरी असू द्या.

देवऋषी, अंगारा, गंडा याबद्दल मी वाद घालत नाही, लोक दोन्हीकडे जातात. पण बाधा उतरवायच्या नावाखाली मुलाला मारणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गोळ्या थांबवायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

शाळा आणि दाखले

त्रासाचं कारण शाळेतच असेल, म्हणजे मारहाण, सगळ्यांसमोर अपमान, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार हे सगळं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतं. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी होते. अध्ययन अक्षमतेचा दाखला लहानपणी मिळत नाही, मूल आठ वर्षांचं व्हावं लागतं. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या वर्षी धावपळ करणारे पालक दरवर्षी दिसतात. चाचणीच्या रांगा लक्षात घेता सातवी-आठवीतच हे काम हाती घ्यावं.

अडलं तर

‘इथे लहान मुलांना बघत नाहीत’ असं कुणी तोंडी सांगून परत पाठवलं तर वाद न घालता म्हणा, ‘मग कुठे बघतात ते केस पेपरवर लिहून द्या.’ लिहायची वेळ आली की बरेचदा उत्तर बदलतं. तरीही नाही झालं तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या (म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांच्या) कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात मुलाचं वय, तारीख, खिडकी किंवा खोली क्रमांक आणि काय सांगितलं गेलं एवढंच लिहा, मुलाच्या आजाराचा तपशील नको. २०१७ च्या कायद्याचं कलम १८ सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देतं आणि बालमानसिक आरोग्यसेवा त्यात धरलेली आहे. अर्जात हे कलम नमूद करा. एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवा. उत्तर येईपर्यंत मुलाचं खोळंबू नये म्हणून १४४१६ वरचं बोलणं मधल्या काळात चालू ठेवा.